हार्डबोर्डची खरबरीत बाजू

प्रदर्शनात भेटणारी तरुण मुलं मला हमखास विचारतात, "मॅडम, तुम्हाला तुमची शैली कशी सापडली?" मी सांगते, सापडली वगैरे काही नाही. गिऱ्हाइकांनी बाकीचं सगळं नाकारलं आणि जे उरलं त्याला लोक आता शैली म्हणतात. मुलं हसतात. त्यांना वाटतं, बाई विनयाने बोलताहेत. मला ओळखणारं कुणीही सांगेल की विनय हा काही माझा गुण नाही. चित्र जमलं की जमलं म्हणायला मी कधी लाजले नाही, आणि नाही जमलं तर ते सांगायला गिऱ्हाईक समोर उभंच असायचं.

आमचं शहर तेव्हा औरंगाबाद होतं. क्रांती चौकातून पैठण गेटकडे निघालं की थोड्या अंतरावर माझं दुकान. पाटीवर मीच रंगवलेली अक्षरं होती, 'फोटोवरून तैलचित्रे करून मिळतील'. चित्रकलेची पदविका घेतलेल्या मुलीने शाळेत ड्रॉइंग शिकवावं, अशी घरच्यांची इच्छा. मी म्हटलं, पोरांच्या वहीतली कमळं तपासत जन्म काढणार नाही. दुकान उघडलं तेव्हा लोक आधी नुसते बघायला यायचे. "पेंटरसाहेब कुठं गेलेत?" असं मलाच विचारायचे. मी हातातला ब्रश वर करून दाखवायचे. मग काही जण निघून जायचे आणि काही जण बसायचे. बसलेल्यांवर माझं दुकान चाललं.

या धंद्यात गिऱ्हाईक एक लहानसा फोटो घेऊन येतं. बहुतेक वेळा तो गेलेल्या माणसाचा असतो. कधी लग्नाच्या ग्रुपमधलं कोपऱ्यातलं डोकं, कधी ओळखपत्रावरचा शिक्का बसलेला चेहरा. त्यावर पेन्सिलीने बारीक चौकडी आखायची, तशीच मोठी चौकडी हार्डबोर्डवर आखायची आणि एकेक घर उचलून मोठं करायचं. एवढं झालं की तैलरंग. फोटो काळापांढरा, त्यामुळे वर्ण कसा होता हे विचारावंच लागायचं. उत्तर ठरलेलं, "गोरे होते. उन्हानं जरा रापलेले." या जिल्ह्यातली कितीतरी सावळी माणसं माझ्या हातून मेल्यावर गोरी झाली आहेत. काही घरांत तर हयातीत फोटो काढायचं राहून गेलेलं असे. मग गेल्यावर भिंतीला टेकवून बसवून काढलेला फोटो यायचा. त्याचे डोळे मला उघडावे लागत. ते काम मी दुकानाचं दार लोटून करायचे.

चित्राचे नियम कुणी लिहून ठेवले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. चेहरा समोर हवा. दोन्ही कान दिसायला हवेत. डोळे बघणाऱ्यावर रोखलेले, तोंड मिटलेलं, मागे आकाशी रंग. कारण चित्राला हार घालायचा असतो, त्याच्या पाया पडायचं असतं, आणि ज्याच्या पाया पडायचं त्याने आपल्याकडे बघायला नको का?

वैजापूरचे एक वकील वडिलांचा निजामाच्या काळातला फोटो घेऊन आले. अंगात शेरवानी, डोक्यावर उंच, गोंड्याची रूमी टोपी. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्याला किती वर्षं लोटली होती, पण वकिलांना ती टोपी दिवाणखान्यात नको होती. "तेवढी पांढरी टोपी करून टाका," म्हणाले. अशी मागणी करणारे ते पहिले नव्हते, तेव्हा मी करून टाकली. चित्र न्यायला आले ते आईला घेऊन. म्हाताऱ्या बाई चित्रापुढे उभ्या राहिल्या आणि मुलाला म्हणाल्या, "हे कोण रे? तुझा बाप कचेरीतून आला की आधी ती लाल टोपी काढून खुंटीला लावायचा, मग मी पाणी द्यायची. हे दुसऱ्याच घरचं माणूस उचलून आणलंस." मी पांढरा रंग खरवडला आणि लाल टोपी परत आणली.

पण मला खरा हादरा दिला तो दोन आजोबांच्या अदलाबदलीने. दोघांची चित्रं भिंतीशी वाळत होती, दोघांनाही फेटा, दोघांनाही पांढऱ्या मिशा. कन्नड तालुक्यातली मंडळी आली आणि चुकीचे आजोबा घेऊन गेली. बरेच दिवस कुणालाच पत्ता नाही. दुसरं घर आपले आजोबा न्यायला आलं तेव्हा उलगडा झाला. मी उरलेले आजोबा बगलेत मारून एसटीने गाव गाठलं. बघते तर आमच्या चुकलेल्या आजोबांना ताजा हार, उदबत्ती, सगळं यथासांग चाललेलं. मी घडलेलं सांगितलं तेव्हा घरची सून पदर तोंडाला लावून म्हणाली, "तरी मला वाटतच व्हतं, मामंजी फोटोत जरा बरे दिसतेत."

परतताना एसटीत मी एकटीच हसत होते. वेरूळचा घाट येईतो हसू थांबलं होतं. ज्यांच्या हाताखाली रोज वावरले त्यांच्यातला फरक घरच्यांनासुद्धा कळू नये, इतकी माझी माणसं सारखी होती. मला माझाच राग आला. ती गुळगुळीत, आकाशी पाठीची माणसं अजून गावोगाव भिंतींवर आहेत, आणि त्यांच्या खाली कोपऱ्यात माझी सही आहे. ती पुसायला मला आता कुणी घरात घेणार नाही.

तेव्हापासून मी चित्रांवर हात चालवून बघायला लागले. कॉलेजात शिकलेली छायाप्रकाशाची विद्या बाहेर काढली. एका बाजूने उजेड घेतला, सावलीच्या बाजूला निळा रंग भरला. फुलंब्रीच्या पाटलांनी चित्र बघितलं आणि म्हणाले, "बाई, आमचा आजा म्हातारपणानं गेला. साप चावून नाय गेला." मग रंगाच्या सुरीने जाड थर देऊन बघितले. जवळून काय सुरेख दिसत होते! त्या गिऱ्हाइकाने चेहऱ्यावरून हळूच बोट फिरवलं आणि विचारलं, "बापाला देवी कवा आल्या व्हत्या?" एकदा डास मारायच्या फ्लिटच्या पंपात रॉकेल घालून पातळ केलेला रंग भरला आणि फवारला. चित्रावर थोडा उडाला, बाकीचा शेजारच्या रहीमभाईंच्या पुसून ठेवलेल्या काचांवर. रहीमभाई फ्रेमवाले, माझ्या चित्रांना तेच चौकटी करायचे. ते दारात येऊन शांतपणे म्हणाले, "बाई, मच्छर मरे क्या?"

अजिंठ्यालाही गेले. औरंगाबादचा चित्रकार म्हटलं की लोक तिथूनच सुरुवात करायला सांगतात. दिवसभर बघितलं, पोटभर बघितलं, आणि ठरवलं की हे ज्यांचं होतं त्यांनी करून ठेवलं आहे. मी त्याची नक्कल करून विकली असती तर पैसे बरे मिळाले असते. पण माझ्या अंगात नक्कल आधीच पुष्कळ झाली होती.

अशातच गयाबाई आली. पिशोरची, मेंढपाळाच्या घरातली, नवरा चिकलठाण्याला कारखान्यात म्हणून शहरात राहणारी. आत न येता तिने पायरीवरूनच विचारलं, "बाई, फोटो नसंल तर चित्र काढता येतंय का?"

"फोटो नसेल तर कशावरून काढू?"

"माझ्यावरून काढा. समदे म्हणतेत, मी मायवर गेलेय."

मी तिला आत बसवलं. तिच्या आईचं नाव शेवंताबाई. सगळा जन्म मेंढरांमागे गेला, फोटो काढायला एका जागी ती कधी सापडलीच नाही. वडिलांचं चित्र मात्र घरात होतं आणि ते माझंच होतं. गयाबाईच्या मोठ्या भावाने, लक्ष्मणरावांनी, ते माझ्याकडून करून नेलं होतं. आता लक्ष्मणरावांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. त्यांच्यात हळद लागायच्या आधी गेलेल्या माणसांचे फोटो पाटावर मांडतात आणि नवरदेव आधी त्यांच्या पाया पडतो.

"पाटावर बाप एकलाच," गयाबाई म्हणाली. "मायचं नावबी कुनी घ्यायचं नाय. मी दादाला म्हनलं, मायचा बी फोटो पायजे. तर म्हनला, नाय तर कुठनं आनू? दादा वाईट नाय, बाई. पर त्येच्या पोराला आजी व्हती, हे त्येला कशावरून कळावं?"

मी काम घेतलं. फोटोशिवाय चित्र काढायचं म्हणून मला उलट हुरूपच आला. गयाबाईला समोर बसवून रेखाटलं, वयाने वाढवलं, डोक्यावर पदर दिला. लक्ष्मणरावांना बोलावून त्यांचं नाक घेतलं, कारण ते आईचं आहे असं दोघांचंही म्हणणं होतं. नियमाप्रमाणे चेहरा समोर, कपाळाला मोठं कुंकू. गयाबाई आली, बघत राहिली. "नाक मायचं. कपाळ मायचं. पर ही माय नाय."

मी ओठ बदलले. डोळे लहान केले. गाल आत घेतले, सुरकुत्या घातल्या, थोडं हसवलं. दर खेपेला गयाबाई तितक्याच नम्रपणे सांगायची, "चांगलं झालंय, बाई. पर ही माय नाय." लक्ष्मणराव एकदा बरोबर होते, ते वैतागले. "काय चुकलंय? हाय की म्हातारी बाई. बांधा आता." गयाबाईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते टेम्पोत जाऊन बसले. मेंढरं विकून त्यांनी तो टेम्पो घेतला होता.

ते गेल्यावर मी ब्रश ठेवला आणि म्हटलं, "गयाबाई, काय नाही ते मला कळलं. काय आहे ते सांग."

तिने बराच विचार केला. "बाई, माय अशी बसायचीच नाय कवा."

"मग कशी असायची?"

"चालायची."

"दाखव."

ती लाजली, पण उठली. माझी फूटपट्टी काठी म्हणून हातात घेतली, दुसऱ्या काखेत माझ्या टेबलावरचा चिंध्यांचा गठ्ठा कोकरासारखा धरला आणि दुकानात चालायला लागली. झपझप, अंग पुढं झुकलेलं, टाचा जेमतेम टेकताहेत. चार पावलांनी मान मागे वळायची, पाय मात्र थांबायचे नाहीत. "मागं ऱ्हायलेलं बघायची," ती म्हणाली. "मेंढरू, नायतर आमी पोरं." मी मिळेल त्या कागदावर भराभर ओढत होते. तिला परत परत चालायला लावलं. शेवटी घामाघूम होऊन ती खाली बसली आणि रडायला लागली, कारण आपण आईसारख्या चालू शकतो हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

आता चालणारी बाई काढायची म्हणजे सगळे नियम मोडायचे. चेहरा तळहाताएवढा, तोही अर्धा वळलेला, एकच कान, नजर भलतीकडे. ते मी मोडले असते. पण गुळगुळीत बोर्डवर ती चालेना. रंग इतका साफसूफ बसायचा की कॅलेंडरवरची बाई मेंढरं राखायला निघाली आहे, असं वाटायचं. धूळ नाही, वारा नाही.

हार्डबोर्डला दोन बाजू असतात. एक गुळगुळीत, तिच्यावर सगळे रंगवतात. मागच्या बाजूला जाळीचा छाप असतो, खरबरीत, तिच्यावर रहीमभाई पेन्सिलीने गिऱ्हाइकाचं नाव लिहायचे. मी बोर्ड उलटा केला आणि त्या बाजूला मातकट काळा रंग फासून वाळवला. मग वर चित्र काढायला गेले तर रंग जाळीच्या भोकांत भरून पसरला, नुसता चिखल. पुसला, परत केला. रंग घट्ट घेतला तर ब्रशचे केस झडायला लागले. शेवटी घरातला दाढीचा जुना ब्रश आणला, त्याला रंग लावला, आणि तो चिंधीवर इतका पुसला की ब्रशात रंग आहे की नाही याची शंका यावी. तसा कोरडा ब्रश बोर्डवरून हलक्या हाताने ओढला. रंग फक्त जाळीच्या उंचवट्यांवर धरला, भोकांतला काळा तसाच राहिला. जवळून पाहिलं तर नुसते कण. चार पावलं मागे गेले तर कणांतून लुगड्याचा घोळ निघाला होता आणि तो हलत होता.

पुढचे काही दिवस मी दुसरं काम हातात घेतलंच नाही. सावली वेगळी रंगवायची गरज उरली नव्हती, ती खालून आपोआप येत होती, आणि चेहऱ्याला कुणी निळा म्हणू शकणार नव्हतं. चुकलं की खोडता यायचं नाही, कारण दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की कण मिटतात. त्यामुळे हात उचलण्याआधी काय करायचं ते ठरलेलं लागायचं. मला असंच काम आवडतं. वळलेली मान मी एका दमात केली. डोळे काढलेच नाहीत, पदराच्या काठाखाली दोन गडद जागा सोडल्या. त्या जागा मागे बघत होत्या. जमलं हे मला तिथंच कळलं. लोक सांगतात अशा वेळी डोळे भरून येतात. मला सडकून भूक लागली, आणि मी समोरच्या हॉटेलातून दोन प्लेट भजी मागवून एकटीने खाल्ली.

रहीमभाई माप घ्यायला आले. चित्र बघितलं, उलटं करून मागची गुळगुळीत बाजू बघितली. "बाई, जल्दी में उलटे बाजू पे बना दिए क्या? नवा बोरड देतूं, टेंशन नको लेव."

"मुद्दाम केलंय, रहीमभाई."

ते चार पावलं मागे गेले, दारापर्यंत. तिथून परत एकदा चित्र बघितलं. मग म्हणाले, "इसको काच नई लगाते. दम घुटेगा इनका." आणि खरंच लावली नाही. पुढे मुंबईपुण्यात माझी जी प्रदर्शनं झाली ती सगळी याच बाजूवरची, आणि सगळी बिनकाचेची.

गयाबाईने चित्र बघितलं आणि एकच शब्द बोलली, "माय." मग पायरीवर जाऊन बसली. लक्ष्मणराव मात्र संतापले. "ह्ये काय? तोंड दिसंना, बघती भलतीकडं. पाटावर मांडायचंय, बाई! पोरगं पाया पडंल आन् ही मान फिरवून निघालेली. पाव्हणे हासतील. ते आधीचं द्या, बसलेलं."

"ते मी पुसलं."

"मंग परत काढा."

"नाही काढणार," मी म्हटलं. "आता मला तुमची आई माहीत आहे. दुसरी बाई मी काढून देणार नाही." अशी भाषा मी गिऱ्हाइकाशी पहिल्यांदाच वापरत होते. लग्न तोंडावर आलेलं. लक्ष्मणरावांनी नेलं नसतं तर पाटावर बाप एकटाच राहिला असता, आणि त्याला माझा हट्ट कारण झाला असता. मला भीती वाटत होती, पण चित्राबद्दल नव्हती. गयाबाई उठली, चित्राला आपली चादर गुंडाळली आणि भावाला म्हणाली, "दादा, पाव्हण्यांनी नावं ठेवली तर माझ्या घरी आनून लावीन. पर एकडाव पाटावर ठिव." लक्ष्मणराव टेम्पोकडे गेले. त्यांनी मागचा फळका खाली पाडला, तेव्हा आम्ही दोघींनी श्वास सोडला.

लग्नाला मला बोलावणं होतं. पिशोरला पोचले तेव्हा मांडवात पाट मांडला होता. एका बाजूला वडील, बसलेले, दोन्ही कान जागेवर. शेजारी शेवंताबाई. लक्ष्मणराव पाटाकडे न बघता इकडून तिकडे फिरत होते. पाहुणे यायचे, वडिलांना हात जोडायचे आणि शेजारच्या चित्रापुढे घुटमळायचे. एक जण दुसऱ्याच्या कानाला लागला. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

तेवढ्यात लक्ष्मणरावांच्या म्हाताऱ्या चुलतीला दोन सुना धरून घेऊन आल्या. त्या आणि शेवंताबाई जावाजावा, तरुणपणी मेंढपाळांच्या एकाच वाड्यातून मेंढरं हाकलेल्या. म्हातारीला जवळचं नीट दिसत नव्हतं, पाटापासून लांबच ती थांबली. डोळे बारीक केले. मग हातातली काठी जमिनीवर आपटून तिने हाक मारली, "अगं ए शेवंते! थांब की जराशी! कवाची चाललीस तरातरा, मी मागं ऱ्हायले न्हवं!"

म्हातारी हसत होती आणि डोळे पुसत होती. नवरदेव पुढं झाला, आधी आजोबांच्या आणि मग आजीच्या पाया पडला, आणि वर बघून त्याने गयाबाईला विचारलं, "आत्या, काखंत काय हाय आजीच्या?" गयाबाई त्याला सांगायला लागली. लक्ष्मणराव मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. जेवायला बसले तेव्हा माझ्या ताटात पुरणपोळी त्यांनी स्वतः वाढली.

पाऊसपाणी झाल्यावर त्यांचा टेम्पो एकदा दुकानासमोर उभा राहिला. लक्ष्मणराव वडिलांचं चित्र घेऊन आत आले आणि टेबलाला टेकवून ठेवलं.

"बाई, ह्येला बी चालता करा."

"का हो? तुम्हीच तर हुबेहूब आहे म्हणाला होता."

"हाय की. नाय कोन म्हनतंय?" ते चित्राकडे न बघता बोलत होते. "पर दोघं भिंतीला शेजारी लावले, तवापासनं बघवंना. ती आपली निघाली फुडं, आन् ह्यो बसूनच ऱ्हायला. ती मागं वळून बघती ना, ती ह्येलाच बघती असं वाटाया लागलंय. कुठवर वळून बघावं तिनं?"

मी खुर्ची पुढे केली, कागद ओढला. "वडील कसे चालायचे?"

लक्ष्मणराव बसले नाहीत. रस्त्यावरून कुणी बघत नाही ना, हे त्यांनी दारातून वाकून पाहिलं. मग चपला काढल्या, माझी फूटपट्टी उचलून मानेवर आडवी घेतली, दोन्ही हात तिच्यावर टाकले, आणि डावा पाय जरासा ओढत बापासारखे चालायला लागले.